काळ्या मातीचे समुद्रलिखित

आज आपण ज्या कृतीच्या आस्वादाला बसणार आहोत ती साडेआठ मीटर लांबीची आहे, तिच्यात सुमारे अकरा हजार वर्षे सामावली आहेत आणि दिसायला ती निव्वळ चिखल आहे. नावही तसेच रुक्ष: एनजीएचपी-०१-१६ए. २००६ साली 'जॉइडेस रेझोल्यूशन' हे वेधनजहाज राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी भारताच्या किनाऱ्यांलगत हिंडत होते. समुद्रतळाखाली बर्फाच्या रूपात अडकून राहिलेल्या मिथेनचा शोध चालला होता. गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागरात, सव्वा हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखाली नळी रुतवून गाळाचा हा स्तंभ वर आणला गेला. इंधन शोधणाऱ्यांचे लक्ष खालच्या थरांवर होते. वरच्या साडेआठ मीटरांवर मात्र वेगळ्याच रसिकांची दृष्टी खिळली. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेचे कॅमिलो पाँटन, लिविउ जिओसान, टिमथी एग्लिंटन आणि त्यांचे सहकारी यांनी हा गाळ बोटाबोटाने वाचला आणि २०१२ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये जिओसान पुन्हा त्याच गाळाकडे वळले आणि त्यातला आणखी एक अर्थ उलगडून दाखवला. एकाच संहितेकडे पाच वर्षांनी परतणारा वाचक मला नेहमीच जवळचा वाटतो.

हा स्तंभ यवतमाळात बसून वाचण्याची गोडी काही और आहे. आपल्या जिल्ह्याची रूपरेखा मनात आणावी: उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वर्धा तिला कवेत घेते, दक्षिणेची सीमा पैनगंगा आखते, आणि आत पडणारा पावसाचा प्रत्येक थेंब या दोघींपैकी एकीच्या ओटीत जातो. पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी यांचे पाणी पैनगंगेला; बेंबळेचे वर्धेला. सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून कोसळलेली पैनगंगा पुढे वणीच्या अंगाने जाऊन वढ्याजवळ वर्धेला भेटते. वर्धा चपराळ्याला वैनगंगेला भेटून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विरते. आणि मग भद्राचलम, पापीकोंडलुची खिंड, राजमहेंद्री असे करीत ते सारे पाणी उपसागराला मिळते. पाणी एकटे जात नाही. मृगाच्या पहिल्या सरीला भेगाळलेल्या शेतातून जो गढूळ ओघळ बांधाखालून निसटतो, तो आपल्याबरोबर शेताचा एक अदृश्य पापुद्रा घेऊन निघतो. गोदावरी दरवर्षी सुमारे १७ कोटी टन गाळ समुद्राकडे वाहून नेते, असा अंदाज आहे. त्यात पुसदचे, घाटंजीचे, राळेगावचे शिवार किती असेल हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण ते तिथे आहे, आणि एका विलक्षण अर्थाने त्याची ओळख तिथेही शाबूत आहे.

ती ओळख पटवतो निओडिमियम नावाचा, खडकांत अत्यल्प प्रमाणात असणारा धातू. गोदावरीचे खोरे हे दोन जन्मांचे खोरे आहे. पश्चिमेकडचा अर्धा भाग म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेल्या लाव्ह्याचा दख्खनी पाषाण. पूर्वेकडचा भाग कितीतरी पटींनी वृद्ध, अब्जावधी वर्षांच्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचा. निओडिमियमच्या समस्थानिकांचे प्रमाण या दोहोंत इतके दूरदूरचे असते, की दख्खनी पाषाणाचा आकडा शून्याच्या आसपास घोटाळतो तर प्राचीन खडकांचा उणे ३५ च्या जवळ उतरतो. खडक झिजो, कुजो, त्याची माती होवो, ती माती हजार मैल वाहत जावो, हा आकडा बदलत नाही. आपल्या जिल्ह्याने तर दोन्हीकडे पाय ठेवले आहेत: पुसद-दारव्ह्याकडे सगळा काळा पाषाण, आणि वणीकडे त्याखालून डोकावणारा कोळसा नि पैनगंगेच्या नावाने ओळखला जाणारा जुना चुनखडक. समुद्रतळाच्या चिमूटभर गाळाला तू कोणाचा असे विचारता येते आणि तो खरे उत्तर देतो, यातला आनंद मला शास्त्रीय वाटतो तितकाच काव्यात्मही वाटतो.

आता त्याच चिमटीतला दुसरा घटक पाहू. गाळ बारीक चाळणीतून धुतला की चिकणमाती वाहून जाते आणि मागे उरतात पांढऱ्या कणांसारखी दिसणारी कवचे. सूक्ष्मदर्शकाखाली ती सजीव सौंदर्याने उजळतात: तीन फुगीर गोलक एकमेकांना बिलगलेले, मध्ये कमानीसारखी द्वारे, साऱ्या अंगावर छिद्रांची नक्षी. हा फोरामिनिफेरा गटातला एकपेशीय जीव, ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर. आकार पाव मिलिमीटरच्या आसपास; आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे; वस्ती समुद्राच्या अगदी वरच्या, ऊन पोचणाऱ्या पाण्यात, कारण त्याच्या पेशीत राहणाऱ्या सोबती शैवालांना प्रकाश हवा असतो. याची एक गुलाबी जातही असते. अटलांटिकमध्ये ती आजही तरंगते; हिंदी आणि प्रशांत महासागरांतून मात्र सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. त्यामुळे खोल थरांतून वर येता येता एका पातळीला गुलाबी रंग संपतो, आणि अभ्यासकाला तेवढ्यावरून काळाचा सुगावा लागतो. आपला स्तंभ त्या पातळीच्या पुष्कळ वरचा. त्यात फक्त शुभ्र कवचे. ओल्या, बारीक कुंचल्याच्या टोकाने ती एकेक करून उचलावी लागतात. या उचलण्यात किती दिवस जात असतील, किती डोळे शिणत असतील याचा विचार केल्यावाचून मला पुढच्या आलेखाकडे बघवत नाही.

त्या कवचात दडलेला अलंकार आपल्या काव्यशास्त्राला चांगला परिचित आहे. तो श्लेष आहे. जीव जिवंत असताना भोवतालच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवच बांधतो, आणि त्यातल्या ऑक्सिजनमध्ये हलका आणि जड अशा दोन समस्थानिकांचे प्रमाण टिपले जाते. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन अधिक उतरतो. पाणी खारे असेल तरीही जड ऑक्सिजन अधिक उतरतो, कारण पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी हलक्या ऑक्सिजनचे असते आणि ते कमी आले की समुद्र जड राहतो. म्हणजे आकडा एक आणि अर्थ दोन: समुद्र गार होता, की पाऊस रुसला होता? श्लेष सोडवायला दुसरे पद लागते, तसे इथे मॅग्नेशियम धावून येते. पाणी जितके ऊबदार, तितका कवचात कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियमचा शिरकाव अधिक. दर अंश सेल्सियसला सुमारे ९ टक्के. मॅग्नेशियमवरून तापमान काढायचे, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचे, आणि जे उरेल ते पाण्याच्या खारेपणाचे, म्हणजे अखेर पावसाचे.

हा श्लेष आपल्याच लोकांनी किती निगुतीने सोडवला आहे! 'सागरकन्या' या संशोधननौकेने उपसागराच्या पश्चिम भागातून आणलेल्या एका गाळस्तंभावर, एसके २१८/१ वर, पवन गोविल आणि पी. दिवाकर नायडू यांनी हेच जोडवाचन केले आणि २०११ मध्ये गेल्या ३२,००० वर्षांतले समुद्राचे तापमान व पावसाचे मान मांडले. नायडू गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत फोरामिनिफेरांच्या वाचनाची एक परंपराच घडली आहे. त्या वाचनात, हिमयुग ऐन भरात असताना, उपसागराचे वरचे पाणी आजच्यापेक्षा सुमारे तीन अंशांनी थंड होते. तीन अंश म्हटले तर आपल्याला थोडे वाटतात, कारण यवतमाळच्या एका दिवसात पारा त्याच्या कितीतरी पट चढतो-उतरतो. पण इथे बोलणे आहे ते वर्षानुवर्षे, शतकानुशतके टिकलेल्या तीन अंशांचे, एका अख्ख्या उपसागराचे. वाफ कमी, ढग कमी, वऱ्हाडावरचा आषाढ दुबळा. पाव मिलिमीटरच्या कवचातून हे ऐकू यावे ही गोष्ट परिचयाची झाली तरी शिळी होत नाही.

गोदामुखीच्या आपल्या स्तंभातली वर्षे हिमयुग ओसरल्यानंतरची. तापमानाचे चढउतार त्या मानाने मंद, म्हणून कवचातला ऑक्सिजन इथे प्रामुख्याने खारेपणाचीच भाषा बोलतो. गेल्या ३,००० वर्षांत, आणि विशेषेकरून १,७०० वर्षांपूर्वीपासून पुढे, मधूनमधून पाणी असे खारट होते की आधीच्या आठ हजार वर्षांत त्याला जोड सापडत नाही. पाऊस नुसताच उणावत गेला नाही. तो लहरी झाला. दुष्काळाचे लांबलचक फेरे आले, सरले, पुन्हा आले. पाँटन आणि सहकाऱ्यांनी इथेच एक सूचक धागा सोडून ठेवला आहे: पावसाच्या या बेभरवशाच्या काळातच दक्षिण भारतात पाणी साठवण्याच्या युक्त्या झपाट्याने पसरल्या असाव्यात. त्या सूचनेत त्यांनी 'असाव्यात' एवढेच म्हटले आहे. एवढ्या मोठ्या विधानाशी हा संयम मला फार शोभून दिसतो.

कवच समुद्राविषयी बोलते. जमिनीविषयी बोलते पानांवरचे मेण, आणि या साऱ्या कृतीत माझे मन सर्वाधिक रमते ते इथे. ज्वारीच्या कोवळ्या धांड्यावरून बोट फिरवले की बोटाला पांढरी भुकटी लागते. तेच हे मेण. सागवान असो, तेंदू असो, माळावरची तिखाडी असो, उन्हाने पाणी उडून जाऊ नये म्हणून प्रत्येक पान आपल्या अंगावर मेणाचा अतिपातळ लेप चढवते. पान गळते, कुजते, माती होते. मेणाचे लांबलचक रेणू मात्र सहजासहजी कुजत नाहीत. आणि त्या रेणूंतल्या कार्बनवर वनस्पतीच्या श्वासाची मुद्रा उमटलेली असते. झाडे, झुडपे, वेली हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. उष्ण, कोरड्या माळावरची बहुतेक गवते आणि त्यांच्याच कुळातली ज्वारी दुसऱ्या, पाण्याची बचत करणाऱ्या पद्धतीने. दुसऱ्या पद्धतीत जड कार्बनचा वाटा अधिक राहतो. म्हणून मेणातला कार्बन जड होत गेला, की समजावे: वर कुठेतरी रान विरळ होऊन गवताळ माळ पसरतो आहे. (या हिशेबात आपली पऱ्हाटी आणि तूर झाडांच्या पंक्तीला बसतात, ज्वारी गवताच्या. एकाच शेतातले आंतरपीक समुद्रतळाशी दोन वेगळ्या भाषा बोलत असेल ही कल्पना मला मोठी मनोहर वाटते.)

पण मेण समुद्रापर्यंत पोचते कसे? एवढा नाजूक लेप, एवढा दूरचा खडबडीत प्रवास. इथे आपल्या काळ्या मातीचाच एक गुण कामी येतो. ही माती ज्या चिकण खनिजांनी बनली आहे त्यांचे कण इतके सूक्ष्म आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात, की मूठभर मातीच्या आतला पृष्ठभाग अवाढव्य भरतो. पावसाळ्यात शेतातून चालताना पायाला चिखलाचे गोळेच्या गोळे चिकटतात, वैशाखात हात जाईल अशा भेगा पडतात, वखर ओढताना बैल घामाघूम होतात, ते याच गुणामुळे. शेतकऱ्याला जेरीला आणणारा हाच चिवटपणा सेंद्रिय रेणूंना आपल्या पापुद्र्यांत धरून ठेवतो. २०१८ मध्ये मुहम्मद उस्मान आणि सहकाऱ्यांनी गोदावरी खोऱ्यातील माती, नदीतला गाळ आणि समुद्रातला हाच स्तंभ ताडून पाहिले, तेव्हा वरच्या खोऱ्याच्या गाळात सेंद्रिय कार्बन अधिक आढळला, आणि कार्बन टिकवण्यात खनिजांचा वाटा मोठा असल्याचे दिसले. म्हणजे पान आपले, माती आपली, आणि ते पान जपून नेणारा हातही आपल्याच मातीचा.

ते मेण सांगते काय? सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती हळूहळू वाढू लागतात, १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढत राहतात, आणि नंतर तशाच टिकतात. तिकडे सिंधूच्या खोऱ्यातली नगरे ओस पडत होती. इकडे दख्खनवर, प्रवरेच्या काठी दायमाबाद-जोर्व्यासारख्या ठिकाणी, लोक शेतीच्या आधाराने स्थिर गावे वसवीत होते. बुलढाण्यातले लोणारही याला दुजोरा देते. तिथल्या सरोवरतळाच्या सुमारे दहा मीटरांच्या गाळात सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये दुष्काळाची दोन दीर्घ पर्वे वाचता आली, ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीची. तिथे साक्ष होती पाणी आटून खारे झाल्यावरच जन्मणाऱ्या गेलुसाइट या खनिजाच्या स्फटिकांची. एक पोथी समुद्राच्या तळाशी, दुसरी उल्केच्या खड्ड्यात. लिपी निराळी, कथा एकमेकींना ओळखणारी.

आता या कृतीतल्या सर्वांत गहिऱ्या जागेपाशी आपण आलो. एकाच थरातली दोन वये ताडून बघू. कवचाचे वय किरणोत्सारी कार्बनने काढले की तो थर केव्हा बसला ते कळते. त्याच थरातल्या, जमिनीवरून आलेल्या सेंद्रिय कार्बनचे वय काढले की तो अधिक म्हातारा निघतो, कारण पान गळून समुद्राला मिळेपर्यंत मातीत बराच काळ मुक्काम करते. इथवर नवल नाही. नवल हे, की स्तंभात जसजसे आपण वर, अलीकडच्या काळात येतो, तसतसा जमिनीकडून येणारा कार्बन अधिकाधिक जुना होत जातो. नवा थर आणि त्यात जुनी माती. उस्मान यांच्या तुलनेने या वृद्ध कार्बनचे माहेरही दाखवले: खोल थरांतली माती आणि ढासळणारे नदीकाठ. वरचा पापुद्रा वाहून संपला होता. पाऊस आता खालच्या, शतकानुशतके न हललेल्या मातीला हात घालत होता.

याच काळात निओडिमियमचा काटा दख्खनी पाषाणाकडे झुकतो आणि गाळाचे प्रमाण वाढते. आपण सहज म्हणू, पाऊस कमी झाला तर माती कमी वाहायला हवी. जिओसान यांच्या २०१७ च्या वाचनाचे मर्म याच्या नेमके उलट आहे. मोसमी प्रदेशात पाऊस घटला तरी चार महिन्यांच्या झोडपणाऱ्या सरी येतच राहतात; घटते ते जमिनीवरचे आच्छादन. रान विरळ झाले की उघडी पडलेली भुई थोड्या पावसानेही अधिक धुपते. कोरडेपणा धूप थांबवत नाही, तो तिला जोर देतो. त्यावर मग माणसाच्या शेतीची, आणि लोहयुगात दूरवर पसरलेल्या नांगरटीची भर पडली. नागपूरजवळच्या नैकुंडला महापाषाणकालीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. तिथल्या पेंचचे पाणीही कन्हान-वैनगंगेतून याच गोदावरीला मिळते. त्या भट्टीतून निघालेल्या कुऱ्हाडी-कुदळींनी जे रान मोकळे झाले असेल त्याची नोंद उपसागराच्या तळाशी थराच्या जाडीत झाली आहे. समुद्राची पातळी तेव्हा स्थिर होती, तरीही गोदावरीसमोरचा समुद्रतळ भराभर भरत गेला. ज्याला आपण माळरान म्हणतो, बरड म्हणतो, ज्याच्या मुरमात पेरलेले बी उगवेल की नाही याचा घोर लागून राहतो, त्या जमिनीची गेलेली पाने तिथे क्रमाने, एकावर एक, न हरवता ठेवलेली आहेत. हे वाचताना होणारा आनंद निर्भेळ नसतो. पण करुण रसही रसच आहे, आणि या साडेआठ मीटरांचा स्थायिभाव तोच आहे असे मला मनापासून वाटते.

सर्वांत वरच्या चार बोटांविषयी थोडे. १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा पुरा केला. त्यानंतर जायकवाडीपासून आपल्या इसापूर, अरुणावती, बेंबळेपर्यंत धरणांची रांग उभी राहिली. आता पुसद-उमरखेडकडचा पुष्कळसा गाळ समुद्रापर्यंत पोचतच नाही. तो जलाशयांत बसतो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली तो उपसून ट्रॅक्टरने पुन्हा शेतांत पसरला जातो. त्या ढिगांत कालच्या पऱ्हाटीचे, परवाच्या ज्वारीचे आणि काठ ढासळून आलेल्या प्राचीन रानाचे मेण एकत्र कालवलेले असते. म्हणून आजपासून हजार वर्षांनी गोदामुखी कोणी पुन्हा नळी रुतवली, तर आपल्या काळाच्या थरात त्याला दख्खनी माती थोडी आढळेल आणि ती का घटली हे कवचातून कळणार नाही. त्याला इसापूरच्या तळाचा गाळ काढून समुद्राच्या गाळाशेजारी ठेवावा लागेल. आणि त्या गाळातला बराचसा भाग तोवर दिग्रस-आर्णीकडच्या एखाद्या वावरात तुरीच्या मुळाशी गेलेला असेल.